पाण्याला विरजण लागू दे, मग मासे आणू या



बचत गटाच्या या कार्यक्रमात आपण शेळीपालन, मसाले, कर्जाचे हप्ते असं बरंच बोललो. आजचा विषय जरा वेगळा आहे. घरात नवीन फिश टँक आणला, तर त्यात पहिले मासे कसे रुळवायचे? तुम्ही म्हणाल, यात सांगायचं काय? पाणी भरायचं, मासे सोडायचे! आम्हीही तसंच समजत होतो. म्हणून आधी आमची फजिती सांगतो आणि मग त्यातून शिकलो ते.

आमच्या गटातल्या एका वहिनींनी मुलाच्या वाढदिवसाला टँक घेतला. काचेची पेटी, रंगीत खडे, मोटर, खाद्याची डबी आणि सहा मासे, सगळं शनिवारी एकाच खेपेला घरी आलं. नळाचं पाणी भरलं, मासे सोडले, दिवा लावला. गल्लीतली पोरं बघायला गोळा झाली. मंगळवारी मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. बुधवारी तीन गेले. शुक्रवारी पेटी रिकामी.

पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही. शेजारच्या काकू समजूत घालायला आल्या, म्हणाल्या, "घरावर काय तर येणार होतं, ते मासोळीनं अंगावर घेतलं बघा." इथवर ठीक होतं. पण त्या घरात धाकट्या जाऊबाई लग्न होऊन येऊन दीडच महिना झाला होता. पेटी पुसून, खडे मांडून हौसेनं सजवली होती तीही त्यांनीच. मग पायगुणाची कुजबुज सुरू झाली. पुढच्या बैठकीला त्या आल्या त्या रडतच. "ताई, मी काय केलंय वो?" एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी गटात ठरलं, मासे का मेले ते शोधायचंच. शहरात वर्षानुवर्षं मासे पाळणारे एक काका होते, त्यांच्याकडे आम्ही पाच-सहा जणी गेलो. वाचलं, विचारलं, मग गटाच्या खोलीत एक टँक स्वतः लावला. मासे पायगुणानं मेले नव्हते आणि कुणाचं संकट घेऊनही मेले नव्हते. ते आपल्याच घाणीत गुदमरले होते.

सकाळी गोठ्याचं दार उघडलं की नाकाला झोंबणारा वास येतो ना? तो अमोनिया. मासा हाच अमोनिया कल्ल्यांतून सारखा पाण्यात सोडत असतो. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजलं की त्यातूनही तोच तयार होतो. नदीत किंवा रंकाळ्यात पाणी अफाट, त्यामुळे तो पातळ होतो. शिवाय तिथल्या दगड-गाळावर असे जिवाणू असतात, की ते अमोनिया पचवून टाकतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत मात्र पाणी मावतं जेमतेम 56 लिटर. खडे घालून, वर थोडी जागा सोडली की उरतं 45 लिटरच्या आसपास. त्यातच खायचं, त्यातच घाण करायची आणि त्याच पाण्यात श्वास घ्यायचा. नव्या कोऱ्या पेटीत ते पचवणारे जिवाणू नसतातच. पाणी दिसायला काचेसारखं नितळ असतं आणि आत विष साचत जातं.

हे जिवाणू दोन जातींचे लागतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात. पण नायट्राइटही विषारीच. ते माशाच्या रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, म्हणून पाण्यात हवा असूनही मासा धापा टाकतो. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट थोडंफार असलं तर माशाला चालतं, आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की तेही निघून जातं.

आपल्या भाषेत सांगायचं तर पाण्याला विरजण लागावं लागतं. दूध ताजं आहे म्हणून लगेच दह्याचं ताट मांडता येत नाही. आणि थंडीत जसं दही उशिरा लागतं, तसे हे जिवाणूही गारठ्यात हळू वाढतात. साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून पेटी आणि मासे एकाच दिवशी आणायचे नाहीत, याचं कारण हे.

आता पायऱ्या सांगतो. वही असेल तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट जागेची. दोन फुटी पेटी पाणी, खडे आणि काच धरून 60-70 किलोच्या घरात जाते. डुगडुगतं टेबल किंवा फ्रिज ही तिची जागा नव्हे. भक्कम स्टँड घ्यावा आणि पेटीखाली थर्माकोल घालावा, म्हणजे काचेवर एका बाजूनं ताण येत नाही. खिडकीचं ऊन थेट पडलं तर पाणी हिरवं होतं. खडे आणि पेटी नुसत्या पाण्यानं धुवायची. साबण, भांड्याची पावडर, फिनेल यातलं काहीही लावायचं नाही.

दुसरी गोष्ट पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. आपल्याला तो रोगराईपासून वाचवतो, पण माशाचे कल्ले जाळतो आणि आपले कामाचे जिवाणूही मारतो. पसरट तोंडाच्या बादलीत किंवा टबात पाणी 24 तास उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात, बाटलीवरच्या प्रमाणानं घालावेत. पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आलं की शुद्धीकरणाची औषधं जास्त पडतात, तेव्हा जास्त जपावं. खेड्यात ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांना क्लोरीनची भीती नाही, पण ते पाणी जड असतं. गप्पी आणि मॉली या माशांना जड पाणी मानवतं. फक्त एक लक्षात ठेवायचं, अल्कधर्मी पाण्यात अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणजे तिथं घाई आणखी वाईट.

तिसरी गोष्ट फिल्टर. आम्ही साधा स्पंजचा फिल्टर घेतला. जिवाणूंचं खरं घर म्हणजे तो स्पंज. फिल्टर रात्रंदिवस चालू राहिला पाहिजे, कारण जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. "रात्री वीज वाया जाते" म्हणून बंद करायचा नाही. लाईट बराच वेळ गेलीच तर खाद्य देऊ नये आणि पेटीतलंच पाणी तांब्यानं थोडं उंचावरून परत पेटीत ओतत राहावं, म्हणजे त्यात हवा मिसळते.

चौथी गोष्ट विरजण. मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकायचं. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना अन्न मिळतं. पाणी तपासायचे थेंब आणि रंगाचा तक्ता दुकानात मिळतो. आधी अमोनिया वाढलेला दिसतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतं, शेवटी तेही उतरतं. दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की पेटी तयार झाली. मग बरंचसं पाणी बदलून मासे आणायचे. लवकर हवं असेल तर दह्यासारखंच करायचं. कुणाच्या जुन्या, निरोगी माशांच्या पेटीतल्या स्पंजचा तुकडा ओलाच आणून आपल्या फिल्टरला लावायचा. आम्हाला काकांनी तसा तुकडा दिला होता. तरीही पाणी तपासल्याशिवाय मासे सोडले नाहीत.

मासे आधीच घरी आले असतील तर? घाबरू नका, पण मग राबावं लागतं. दोन-तीनच मासे ठेवा, खाद्य अगदी कमी द्या आणि महिनाभर दर एक-दोन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदला. बदलायचं पाणी क्लोरीन गेलेलं आणि पेटीतल्या पाण्याइतकंच कोमट-गार असावं.

आता मासे कुठले? सुरुवातीला गप्पी, प्लॅटी, मॉली किंवा झेब्रा. गप्पी तर आपल्या ओळखीचा, डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याची माणसं डबक्यात सोडतात तोच. झेब्रा हा आपल्याच देशातल्या ओढ्या-नाल्यांतला मासा. गोल्डफिश दुकानात बोटभर दिसतो म्हणून फसू नका. तो वीतभर वाढतो आणि घाणही फार करतो. गोल बरणीत तर तो ठेवूच नये. फायटर मासा बरणीत टिकतो, कारण तो पाण्यावर येऊन हवा घेऊ शकतो. म्हणून बाकीचेही तसेच जगतील असं नाही. पहिल्या खेपेला तीन-चार मासे पुरेत. बाकीचे दोन-तीन आठवड्यांनी, थोडे थोडे. बचत गटात पहिल्या महिन्यातच सगळ्यांना कर्ज वाटलं तर गट बुडतो, तसंच हे.

मासे आणताना पिशवी अंधारात, कापडी झोळीत ठेवावी. घरी आल्यावर दिवा बंद करून बंद पिशवी 15-20 मिनिटं पेटीत तरंगू द्यावी, म्हणजे गारवा-ऊब सारखी होते. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी पेटीतलं वाटीभर पाणी तिच्यात घालावं. अर्ध्या तासानं जाळीनं अलगद मासे उचलून सोडावेत. पिशवीतलं पाणी पेटीत ओतू नये, त्यात वाटेतली घाण असते. पहिल्या दिवशी उपास. मासे कोपऱ्यात दडून बसले तर काचेवर टिचक्या मारू नका. नव्या घरी आल्यावर माणूससुद्धा पहिल्या दिवशी मोकळं बोलत नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोन मिनिटांत फस्त होईल एवढंच खाद्य, दिवसातून एकदा. चपाती, चुरमुरे, बिस्किट नको. मासा काचेशी येऊन तोंड हलवतो म्हणजे तो भुकेला आहे असं नसतं. पोरांनी दर वेळी चिमूट टाकली तर संध्याकाळपर्यंत मूठभर होते आणि सगळी तळाला कुजते.

कोल्हापूरच्या थंडीत रात्री पारा 15 अंशांच्या आसपास उतरतो. अशा वेळी 50 लिटरच्या आतल्या पेटीला 50 वॅटचा हीटर पुरतो, पाणी 24 ते 26 अंशांवर ठेवावं. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचाच. वायर बोर्डापेक्षा खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवावी, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये शिरत नाही.

आता आमची दुसरी चूक सांगतो. टँक छान चालला होता. दिवाळी आली. आम्ही बायका, हात कुठे स्वस्थ बसतात? सगळं पाणी ओतलं, खडे घासले, स्पंज नळाखाली पांढराशुभ्र केला. चौथ्या दिवशी दोन मासे गेले. आमच्या स्वच्छतेनं सगळं विरजणच धुऊन टाकलं होतं. तेव्हापासून नियम आहे. आठवड्याला चौथा हिस्साच पाणी बदलायचं आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच बादलीत हलक्या हातानं पिळायचा. काढलेलं पाणी तुळशीला, गुलाबाला घाला. त्यातलं नायट्रेट झाडाला खत म्हणून लागू पडतं.

आणखी एक विनंती. मासे जास्त झाले किंवा कंटाळा आला, तर पंचगंगेत, रंकाळ्यात, विहिरीत सोडू नका. ते पुण्य नव्हे. बाहेरचे मासे आपल्या पाण्यात वाढले की इथल्या माशांचं अन्न आणि अंडी खातात. काच साफ करणारा सकर मासा उजनी धरणात पसरून तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यांची वाट लावतो, हे डोळ्यांसमोर आहे. जास्तीचे मासे दुकानाला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या.

काही मैत्रिणी विचारतात, यातून धंदा होईल का? होतो. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटचा समावेश केला गेला आणि महिलांसाठी 60 टक्क्यांपर्यंत अनुदान ठरलं. सध्याचे नियम मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्या. पण आमचं म्हणणं असं, की आधी एक पेटी वर्षभर नीट सांभाळा आणि मगच कर्जाला हात घाला.

आणि त्या धाकट्या जाऊबाई? गटाच्या टँकची वही आता त्यांच्याकडे असते. पाणी कधी बदललं, थेंबांचा रंग काय आला, सगळं तारखेनिशी. गप्पीच्या मादीनं पहिल्यांदा पिल्लं दिली, तेव्हा त्यांच्या सासूबाई स्वतः चष्मा लावून बघायला आल्या. बराच वेळ वाकून बघत होत्या. मग म्हणाल्या, "आपल्या घरची पेटी पण भरू या की गं परत. या वेळी तू सांगशील तसं." ती पेटी आता भरली आहे. तिसरा आठवडा चालू आहे. मासे अजून आणलेले नाहीत.