बंदुकीच्या नळीस रंग कोणता द्यावा?

बिदर जिल्ह्यातील निर्णा येथील एक शेतकरी गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, एके दिवशी सकाळी माझ्याकडे आले. त्यांच्या हाती रंगांच्या नमुन्यांचा एक कागद होता. साडीच्या दुकानात काठांचे नमुने दाखवितात तसे त्यावर सात-आठ चौकोन होते: काळा, करडा, ऑलिव्हच्या फळासारखा हिरवट, वाळूसारखा पिवळट, आणि एक तर चक्क निळा. "गुरुजी, ह्यातला कुठला घ्यावा?" त्यांनी विचारले. मला वाटले, घराच्या दारास रंग द्यावयाचा असेल. चौकशी करता कळले की रंग द्यावयाचा होता तो बंदुकीस.

ही बंदूक त्यांच्या आजोबांनी घेतलेली, बारा बोअरची, विलायती दुनळी. तूर आणि ज्वारी उभी असताना रात्री डुकरांचे कळप शेतात शिरतात. त्यांस आवाजाने हुसकावण्यापलीकडे ह्या बंदुकीला आता काम राहिलेले नाही. काळविटे पिकात दिसली तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्यावर नेम धरता येत नाही, आणि अण्णांची तशी इच्छाही नसते. २०२४ साली लोकसभेच्या निवडणुकीपूर्वी इतर परवानाधारकांप्रमाणे त्यांनीही बंदूक ठाण्यात जमा केली. बिदरचे मतदान ७ मे रोजी झाले, निकाल ४ जूनला लागला, आणि अण्णा बंदूक परत आणावयास गेले तेव्हा मृगाचा पाऊस सुरू झाला होता. जमा करताना तिला तेलाचा हात फिरवावयाचे ते विसरले होते, आणि वर चामड्याची पिशवी घट्ट बांधली होती. चामडे ओल धरून ठेवते. पिशवी सोडली तेव्हा नळ्यांवर तांबडे डाग उठलेले होते. मग एका शहरातील दुकानदाराने त्यांना दोन उपाय सुचविले: नळ्या उकळत्या रसायनात बुडवून काळ्याभोर करून देऊ, नाहीतर ह्या कागदावरील कोणताही रंग फवारून भट्टीत पक्का करून देऊ.

आता रंगाची निवड ही आवडीनिवडीची गोष्ट आहे असे आपण सहज म्हणतो. बंदुकीच्या बाबतीत मात्र आवडीचा प्रश्न शेवटी येतो. तिच्यावरचा रंग हा बहुतेक वेळा रंग नसतोच. तो गंजाचाच एक प्रकार असतो. हे विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

बिदरचे पठार ज्यांनी पाहिले आहे त्यांस तेथील तांबडी माती आणि जांभा दगड आठवत असेल. बिदरचा किल्ला ह्याच जांभ्याचा आहे. त्या मातीस तांबडा रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडांमुळे. म्हणजे खडकातील लोखंड युगानुयुगे हवापाण्यात राहून शेवटी ज्या स्थितीला जाते ती स्थिती आपण तेथे पायाखाली तुडवीत असतो. अण्णांच्या नळीवरचा डाग हा त्याच प्रवासाचा आरंभ होय. हा तांबडा गंज फुगीर आणि भुसभुशीत असतो. तो स्वतः पाणी शोषतो आणि खालच्या पोलादापर्यंत पोचवितो, म्हणून तो एकदा लागला की वाढतच जातो. परंतु लोखंड आणि प्राणवायू ह्यांचे दुसरेही एक संयुग आहे. ते काळे, घट्ट आणि पृष्ठभागास चिकटून बसणारे असते. लोहचुंबक म्हणून जो काळा दगड खाणीत सापडतो तो ह्याच जातीचा. उत्तम बंदुकीच्या नळीवर जी काळसर निळी झाक आपणांस दिसते ती ह्या काळ्या ऑक्साइडाची. तिची जाडी फारच थोडी, मिलिमीटरचे एखाद-दोन हजारांश भरेल इतकीच.

अण्णांचा पुढचा प्रश्न मला फार आवडला. ते म्हणाले, "बिदरला भांडी काळी करतात, तसंच करून आणलं तर?" बिदरी काम आपल्या भागाचे भूषण आहे. २००६ साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी ह्यांस पद्मश्री देण्यात आली. तो काळा रंग म्हणजे लावलेला रंग नव्हे, हे अण्णांनी बरोबर ताडले होते. किल्ल्याच्या जुन्या भागातील माती आणि नवसागर पाण्यात कालवून त्याने ते भांडे काळे करतात. भांडे काळे होते आणि त्यात ठोकून बसविलेली चांदी मात्र पांढरीच राहते. परंतु ते भांडे लोखंडाचे नसते. ते बहुतांशी जस्ताचे असते आणि त्यात थोडेसे तांबे मिसळलेले असते. जस्ताच्या त्या मिश्रणास जो नवसागर काळे करतो तोच लोखंडास लागला तर लोखंड गंजू लागते. बिदरी कारागिराकडे नळी नेली असती तर ती तांबडी होऊन आली असती.

गंमत अशी की जुन्या युरोपातील बंदूक बनविणारे नेमके हेच मुद्दाम करीत. नवसागरासारखे क्षार किंवा आम्ले नळीस लावून ते तिला गंजू देत, वरचा सुटा गंज घासून काढीत, पुन्हा गंजू देत, आणि असे कित्येकदा केल्यावर नळीवर तपकिरी रंगाचा एकसारखा पातळ थर बसे. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून केलेल्या जुन्या नळ्यांवर ह्या तपकिरी रंगात पिळाची नक्षी फार सुंदर उठते. (अशी नक्षीची नळी कोणाच्या घरी असेल तर ती भिंतीवरच शोभते. त्यांपैकी बहुतेक नळ्या काळ्या दारूसाठी घडविलेल्या असतात. आजचे काडतूस त्यांत घालणे जिवावर बेतू शकते.) पुढे ह्याच कृतीत एक पायरी वाढली. गंजलेली नळी पाण्यात उकळावयाची. उकळताना तांबड्या गंजाचा काळा ऑक्साइड होतो. मग मऊ तारेच्या ब्रशाने मोकळी काजळी झाडावयाची, आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ. सहा-सात, क्वचित दहा फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीला काही तास ओलसर पेटीत ठेवावे लागते, म्हणून काम आठवड्या-दोन आठवड्यांचे. उकळावयाचे पाणी क्षाराचे चालत नाही. बोअरच्या जड पाण्याने डाग पडतात. पावसाचे धरून ठेवलेले किंवा ऊर्ध्वपातित पाणी लागते.

दुकानदाराचा उकळते रसायन हा उपाय ह्याहून निराळा. त्यात कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेट किंवा तत्सम क्षार ह्यांचे दाट द्रावण सुमारे १४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात नळी बुडवितात. अर्ध्या-पाऊण तासात काळा ऑक्साइड तयार होतो. कारखान्यात आज हीच रीत सर्रास चालते, आणि एकनळी बंदुकीस किंवा रायफलीस ती पुष्कळ चांगली. दुनळीचे मात्र तसे नाही, आणि अण्णांच्या प्रश्नाचे मर्म येथेच आहे.

दुनळी बंदूक म्हणजे दोन स्वतंत्र नळ्या. बुडाशी त्या भक्कमपणे जोडलेल्या असतात. परंतु त्यांच्या मधोमध वर आणि खाली ज्या लांब पट्ट्या असतात, त्या बहुतेक जुन्या बंदुकांत कथील आणि शिसे ह्यांच्या डाखाने बसविलेल्या असतात. भांड्याला कल्हई करणाराने लावावा तसाच हा डाख. कथील आणि शिसे ह्या दोन्ही धातूंस तापलेला कॉस्टिक सोडा खातो. नळी काळी होत असताना आतला जोड विरघळू लागतो. शिवाय पट्टीच्या खाली जी पोकळी असते तीत ते रसायन शिरते आणि धुऊनही पुरते निघत नाही. बाहेरून बंदूक नवीसारखी दिसते. पुढच्या पावसाळ्यात पट्टीच्या कडेने ओघळ येऊ लागतात, आणि मग एके दिवशी पट्टी सुटते. आतून किती गंजले आहे हे कोणास दिसत नाही. पातळ नळीच्या बंदुकीत ही गोष्ट केवळ रूपाची राहत नाही. ज्याचा डावा हात त्या नळीखाली असतो त्याचा तो प्रश्न असतो.

गावच्या लोहाराने आणखी एक सल्ला दिला होता. विळ्यास पाणी देताना तो तापलेल्या पोलादावर आधी पिवळा, मग जांभळा आणि मग मोराच्या मानेसारखा निळा रंग चढताना रोज पाहतो. तोच निळा नळीवर आणून देतो, असे तो म्हणाला. त्याचे निरीक्षण अचूक आहे. पण तो निळा रंग येण्यास सुमारे ३०० अंश उष्णता लागते आणि कथील-शिशाचा डाख १८३ अंशांपासूनच वितळावयास लागतो. घड्याळाच्या काट्यांस आणि लहान स्क्रूंना हा रंग शोभतो, दुनळीस नाही.

आता नमुन्याच्या कागदाकडे वळू. हे फवारावयाचे रंग म्हणजे सिरॅमिक मिसळलेली राळ. सेराकोट हे त्यांतले प्रसिद्ध नाव. थराची जाडी मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतकी, म्हणजे काळ्या ऑक्साइडापेक्षा कितीतरी जास्त. घाम, पाऊस, खारी हवा ह्यांना तो खरोखरच दाद देत नाही. काळा ऑक्साइड स्वतः गंज थांबवीत नाही, तेल धरून ठेवतो एवढेच. ह्याला तेलाचीही फारशी गरज नाही. कोकणात किंवा गोव्यात, समुद्राच्या वाऱ्यात वापरावयाच्या नव्या बंदुकीसाठी कोणी मला विचारले असते तर मी हाच पर्याय सुचविला असता. ज्या बंदुकीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो तिलाही हाच बरा, कारण कॉस्टिक सोड्यात ॲल्युमिनियम विरघळून जाते. भट्टीची उष्णता १२० अंशांच्या आसपास ठेवता येते, तेव्हा डाखास तिचा धोका नाही.

मग अण्णांनी तो का घेऊ नये? रंग धरावा म्हणून आधी पृष्ठभागावर बारीक कणांचा जोराचा मारा करून तो खरखरीत करावा लागतो. जुन्या बंदुकीवरचे कोरीवकाम त्याने बोथट होते. आणि कोरीवकाम गेले तरी एक वेळ चालेल, पण नळीच्या बुडाशी काही बारीक ठसे असतात. अण्णांच्या बंदुकीवर बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे ठसे आहेत. ते परीक्षागृह १८१३ पासून बंदुका तपासून शिक्के मारीत आले आहे, आणि त्या नळीत कोणते काडतूस चालेल हे त्या शिक्क्यांवरून कळते. त्याखेरीज बंदुकीचा क्रमांक असतो, जो परवान्यावर लिहिलेला असतो. कणांच्या माऱ्याने झिजून वर रंगाचा थर भरला तर उथळ क्रमांक वाचता येईनासा होऊ शकतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे आठवे कलम ह्या बाबतीत कडक आहे. बंदुकीवरील नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह पुसणे, काढणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे; आणि ज्याच्याजवळ असे चिन्ह पुसलेली बंदूक सापडेल त्यानेच ते पुसले असे, उलट सिद्ध होईपर्यंत, कायदा गृहीत धरतो. रंग हौसेने दिला होता असे सांगून पोलिसांचे समाधान होईल असे मला वाटत नाही. अशी कामे परवानाधारक कारागिरानेच करावयाची असतात हे तर आलेच.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकी शस्त्रांना दिलेला करडा, मातकट फॉस्फेटचा थरही पुष्कळांस ठाऊक असेल. तो तेल उत्तम धरतो आणि चकाकत नाही. सैन्याच्या शस्त्रास तो योग्य. आजोबांच्या दुनळीवर तो मला तरी भिकार दिसेल. बाजारात बाटलीतून मिळणारे आणि बोळ्याने पुसावयाचे थंड काळे रसायन ओरखडा झाकण्यापुरतेच समजावे. ते टिकत नाही, आणि त्यात बहुधा सेलेनियमचे विषारी संयुग असते.

निर्णय करण्यापूर्वी अण्णांनी आणि मी एक परीक्षा केली. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून नळ्या दस्त्यापासून सोडविल्या, आकड्याला टांगल्या आणि बोटाच्या पेराने हलकेच ठोकल्या. जोड शाबूत असेल तर नळ्या घंटेसारख्या लांबवर निनादतात. पट्टी सैल असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. अण्णांच्या नळ्या आमच्या चर्चच्या लहान घंटेइतक्या स्वच्छ वाजल्या. अण्णा क्षणभर ऐकत राहिले. आजोबा दर दसऱ्याला असेच वाजवून पाहात, असे ते म्हणाले. का वाजवितात हे त्यांनी कधी विचारले नव्हते.

नमुन्यांचा कागद माझ्याच टेबलावर राहिला. परवान्याची हद्द पाहून अण्णांनी बंदूक एका वृद्ध परवानाधारक कारागिराकडे नेली. त्याने उकळत्या रसायनाचे नाव काढताच मान हलविली आणि जुन्या रीतीने सात वेळा गंजवून, सात वेळा उकळून नळ्या काळ्या करून दिल्या. तीन आठवडे लागले, आणि खर्च दुकानदाराने सांगितला होता त्याच्या जवळजवळ दुप्पट झाला, हेही सांगितले पाहिजे. दस्त्याच्या लाकडास जवसाच्या तेलाचे हात दिले. आपल्याकडे मोटेच्या चामड्यास करडईचे काळे तेल लावीत, त्याच जातीचा हा उपाय. जवसाचे तेल हवेत वाळून लाकडावर पातळ सालीसारखे बसते. चामड्याची पिशवी आता खुंटीवर रिकामीच असते. बंदूक सुती कापडात गुंडाळून ठेवलेली असते, आणि पावसाळ्यात दर आठवड्यास अण्णांची सून तिच्यावर तेलाची चिंधी फिरविते. क्रमांक स्पष्ट वाचता येतो.