पूर्वजांचा माग : क्वेबेकमधील ‘उर्फ’ आडनावे

क्वेबेकमधील फ्रेंच घराण्याची वंशावळ लावताना आडनावापेक्षा विवाहाची नोंद अधिक भरवशाची ठरते. एकाच घराण्याला दोन आडनावे असणे ही तिथे नित्याची गोष्ट होती. मूळ आडनावापुढे ‘दी’, म्हणजे उर्फ, असे लिहून दुसरे नाव जोडले जाई. पुढच्या पिढ्यांतले काही जण पहिले नाव लावत, काही दुसरे, तर काही दोन्ही. अशी सख्ख्या भावांची आडनावेही वेगळी झालेली आढळतात.

ही प्रथा बऱ्याच अंशी फ्रेंच सैन्यातून आली. शिपायाला पलटणीत टोपणनाव मिळे : ला फ्लर म्हणजे फूल, सां सूसी म्हणजे बेफिकीर. १६६५ मध्ये आलेल्या कारीन्याँ-सालिएर पलटणीतील सुमारे ४०० जण वसाहतीतच स्थायिक झाले आणि त्यांची टोपणनावे मुलाबाळांकडे गेली. इतरांची नावे मूळ प्रांतावरून, जमिनीवरून किंवा एखाद्या पूर्वजाच्या नावावरून पडली.

आंत्वान र्वा उर्फ देजार्दँ हा याच पलटणीतला, फ्रान्समधील ज्वानी गावचा. तो लाकडी पिंपे बनवणारा कारागीर होता. त्याचेच वंशज, १९०० मध्ये लेव्ही येथे सहकारी पतपेढी सुरू करणारे आल्फोन्स देजार्दँ यांच्या वडिलांची नोंद फ्रान्स्वा र्वा उर्फ देजार्दँ अशी आहे, तर आईची क्लारिस मिव्हिल उर्फ देशेन अशी. केवळ देजार्दँ एवढेच शोधत बसणाऱ्याला ही साखळी एक-दोन पिढ्यांतच तुटल्यासारखी वाटेल. सीमा ओलांडून अमेरिकेत गेलेल्यांनी तर आडनावांचे इंग्रजी भाषांतरच केले. अनेक र्वा किंग झाले आणि ब्वाव्हेर ग्रीनवुड.

या गोंधळातून वाट काढून देते ती स्त्रियांच्या नावांची पद्धत. चर्चच्या वह्यांत स्त्री बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंत माहेरच्या नावानेच ओळखली जाते. विवाहाच्या नोंदीत साधारणपणे वधू आणि वर दोघांच्याही आईवडिलांची नावे असतात, आईचे माहेरच्या आडनावासह. त्यामुळे एका जोडप्याकडून आधीच्या जोडप्याकडे, पिढी दर पिढी, मागे जाता येते. नवऱ्याचे आडनाव बदलले तरी बायकोचे पडताळून पाहता येते. १६६३ ते १६७३ या काळात फ्रेंच राजाच्या खर्चाने विवाहासाठी पाठवलेल्या सुमारे ७७० तरुणींपर्यंत आजचे वंशज पोचतात ते याच वाटेने. विवाहानंतरही जन्माचेच नाव वापरायचे, हा क्वेबेकमधला १९८१ पासूनचा कायदा.

बाप्तिस्म्याची नोंद मात्र जपून वाचावी लागते. विशेषतः एकोणिसाव्या शतकापासून मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि मुलीच्या नावाआधी मारी घालण्याची रीत इतकी रुळली, की एकाच घरात चार जोसेफ सापडतात. मधले नाव बहुधा धर्मपित्याचे किंवा धर्ममातेचे असते. हाक मारायचे नाव अनेकदा शेवटी येते. तान्हे मूल दगावले तर पुढच्या मुलाला तेच नाव दिले जाई. म्हणून बाप्तिस्म्याबरोबर दफनाची वहीही पाहावी.

नात्यातील विवाहासाठी चर्चची सवलत लागे, आणि ती नोंदवली जाई. तिसऱ्या पायरीचे नाते म्हणजे वधूवरांचे पणजोबा-पणजी समान. असा एक शब्दही हरवलेला दुवा पुरवून जातो.

छापील साधनांपैकी सिप्रियँ तांगे या धर्मगुरूचा १८७१ ते १८९० दरम्यान निघालेला सात खंडांचा वंशकोश आजही सर्वांत आधी उघडला जातो. त्यात चुका आहेत. मूळ वहीशी ताडल्याविना त्याचा आधार घेऊ नये. मॉन्ट्रियल विद्यापीठात १९६६ पासून चर्चच्या नोंदी जुळवून कुटुंबे पुन्हा उभी करण्याचे काम झाले असून ते अधिक काटेकोर आहे.

वहीच नष्ट झाली असेल तर नोटरीकडचा विवाहकरार शोधावा. क्वेबेक शहरातील सर्वांत जुन्या नोंदी १६४० च्या आगीत जळाल्या आणि नंतर आठवणीवरून पुन्हा लिहिल्या गेल्या. करारात हुंडा, साक्षीदार, नातेवाईक असा तपशील वहीपेक्षा जास्त मिळतो. पण करार झाला म्हणजे विवाह झालाच असे नाही, कारण काही करार पुढे रद्दही झाले.