डिफ्रॅग करावे, पण कोणत्या डिस्कचे?

घरातील संगणक मंदावला, की कुणीतरी जाणकार हमखास सल्ला देतो, ‘एकदा डिफ्रॅग करून पाहा.’ विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात हा सल्ला रास्तच होता. पडद्यावरील रंगीत चौकोन एकेक करून सरकत राहत आणि हे काम कित्येकदा रात्रभर चाले. आज मात्र हाच सल्ला काही संगणकांना उपयुक्त, काहींना निरर्थक, तर क्वचित प्रसंगी महागात पडणारा ठरू शकतो. याचे कारण हार्ड डिस्कच्या रचनेत आहे.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या वेगाने फिरत असतात आणि एका बारीक भुजेच्या टोकाशी असलेले ‘हेड’ त्यांवरील माहिती वाचते व लिहिते. तबकडीवरील जागा लहान कप्प्यांत विभागलेली असते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत असा कप्पा सर्वसाधारणपणे ४ किलोबाइटचा असतो. डिस्क नवी असताना प्रत्येक फाइलला सलग कप्पे मिळतात. पुढे जुन्या फाइली पुसल्या जातात, मध्येमध्ये जागा रिकाम्या होतात आणि नवी मोठी फाइल त्या फटींत तुकड्यातुकड्यांनी भरली जाते. वृत्तपत्रातील बातमी पहिल्या पानावर सुरू व्हावी, ‘उर्वरित पान ५ वर’ जावी आणि तेथून पुन्हा पान ९ वर, तसाच हा प्रकार. मजकूर पूर्ण असतो. पण वाचणाऱ्याला पाने उलटत बसावे लागते.

या पाने उलटण्याचा हिशेब मांडता येतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. म्हणजे हवा तो भाग हेडखाली येण्यास सरासरी ४ मिलिसेकंद लागतात. त्याआधी भुजा योग्य जागी नेण्यास साधारण ९ मिलिसेकंद जातात. एका तुकड्यासाठी १३ मिलिसेकंद ही नगण्य बाब वाटते. परंतु एखादे छायाचित्र १०० ठिकाणी विखुरलेले असेल, तर नुसत्या शोधाशोधीत सव्वा सेकंदाहून अधिक वेळ जातो. हे तुकडे गोळा करून सलग मांडणे म्हणजेच डिफ्रॅगमेंटेशन. त्याने वेग वाढू शकतो. मात्र डिस्कवरील जागा वाढत नाही आणि व्हायरसही नाहीसा होत नाही.

‘एसएसडी’ अर्थात सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये हा प्रश्नच वेगळा आहे. तिच्यात तबकडी नाही आणि भुजाही नाही. माहिती इलेक्ट्रॉनिक चिपमध्ये असते आणि कोणत्याही कप्प्यापर्यंत जवळपास सारख्याच वेळात पोहोचता येते. त्यामुळे तुकडे जोडून फारसे काही साधत नाही. उलट चिपमधील प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुन्हा लिहिता येतो आणि या अनावश्यक हलवाहलवीत ते आयुष्य खर्ची पडते. म्हणूनच २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून या सुविधेचे नाव ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ झाले. एसएसडीवर ती मुख्यतः ‘ट्रिम’चे काम करते, म्हणजे कोणते कप्पे आता निरुपयोगी झाले आहेत हे ड्राइव्हला कळवते.

विंडोज १० व ११ मध्ये स्टार्ट मेनूत ‘डिफ्रॅगमेंट’ असे टाइप केल्यास ही सुविधा सापडते. तेथील ‘मीडिया टाइप’ या रकान्यात आपली डिस्क कोणत्या प्रकारची आहे, ते प्रथम पाहावे. हार्ड डिस्क असल्यास ‘अॅनालाइझ’वर क्लिक करून किती टक्के फाइली विखुरल्या आहेत ते जाणून घ्यावे आणि गरज असेल तरच ‘ऑप्टिमाइझ’ करावे. विंडोज व्हिस्टापासून हे काम आठवड्यातून एकदा आपोआप होण्याची सोय आहे. त्यामुळे बहुतेकांना वेगळे काही करावे लागत नाही. डिस्क काठोकाठ भरलेली असेल, तर आवराआवरीला जागाच उरत नाही. विंडोज एक्सपीमधील डिफ्रॅगला किमान १५ टक्के मोकळी जागा लागत असे.

दोन प्रसंगी मात्र डिफ्रॅगपासून दूरच राहावे. पहिला, डिस्कमधून खटखट आवाज येत असेल किंवा फाइली उघडताना वारंवार अडत असतील तेव्हा. ही विस्कळीतपणाची नव्हे, तर डिस्क निकामी होत असल्याची लक्षणे असू शकतात. अशा डिस्कला तासन्‌तास राबवणे म्हणजे तिचा शेवट जवळ आणणे होय. दुसरा, एखादी फाइल चुकून पुसली गेली असेल तेव्हा. हार्ड डिस्कवर पुसलेल्या फाइलचा मजकूर बहुधा लगेच नष्ट होत नाही. फक्त ती जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. डिफ्रॅगने त्या जागेवर दुसरी फाइल आणून ठेवली, की परतीचा मार्ग बंद होतो.

घरातील जुन्या हार्ड डिस्कवर अनेकदा लग्नसमारंभाची आणि मुलांच्या बालपणीची छायाचित्रे साठवलेली असतात. त्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी आणि मगच आवराआवरीला हात घालावा. संगणकाचा वेग नंतरही वाढवता येतो, गेलेली छायाचित्रे मात्र पुन्हा काढता येत नाहीत.