घेवड्याची गुंडाळी : सकाळी भिजवा, संध्याकाळी खा

संध्याकाळी साडेसहा-सातला आपल्या वस्त्यांतून काय चित्र असते ते भगिनींना वेगळे सांगायला नको. कोणी चार घरची धुणीभांडी उरकून, कोणी कारखान्याची पाळी संपवून, कोणी दोन बस बदलून घरी पोहोचते तेव्हा मुले भुकेने कावलेली असतात. मग हातावर पैसे टेकवून पोराला वडापाव आणायला पिटाळायचे, नाहीतर पाकिटातल्या शेवया उकळत्या पाण्यात टाकायच्या. पोट भरते, नाही असे नाही. पण अंगी लागेल असे त्यात फारसे काही नसते. अशा वेळेसाठी अर्ध्या तासात होणारा एक ताकदीचा पदार्थ आम्ही आज सांगणार आहोत. नाव परदेशी असले तरी सामान सगळे आपल्याच डब्यांतले आहे.

कोरेगाव पार्कात, फर्ग्युसन रस्त्यावर हॉटेलांच्या पाट्यांवर अलीकडे ‘बरिटो’ हे नाव दिसते. गव्हाची मोठी पातळ पोळी, तिच्यात शिजवून ठेचलेला घेवडा, कधी भात, कांदा-टोमॅटो, मिरची, वरून चीज, आणि सगळे गुंडाळून हातात. मेक्सिको देशाच्या उत्तर भागातला हा पदार्थ. तिकडे इतरत्र मक्याची भाकरी चालते, उत्तरेत गव्हाची. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘लहान गाढव’ असा होतो. एवढे सांगितले की मुले आधी हसतात आणि मग मागून खातात.

पुण्यातल्या कोरेगावात हा पदार्थ विकतात आणि सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावात त्याचा जीव असलेला घेवडा पिकतो, ही मोठी गंमत आहे. (कोरेगाव म्हटले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे भीमाकाठचा विजयस्तंभच उभा राहणार. ते कोरेगाव वेगळे, हे साताऱ्याकडचे.) तिथला ‘वाघ्या घेवडा’ प्रसिद्ध आहे. दाण्यावर वाघासारखे तांबडे पट्टे, म्हणून वाघ्या. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. उत्तरेत ज्याला राजमा म्हणतात त्याच जातीचे हे कडधान्य. आणि हे कूळ मुळात अमेरिका खंडातले! मेक्सिकोचे लोक हजारो वर्षे ते पिकवत आले. युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून मिरची, टोमॅटो, मका, बटाटा आपल्याकडे आले, तसाच घेवडाही आला. उलट गहू इकडच्या जगातून तिकडे गेला. म्हणजे त्यांची पोळी आपल्या बाजूची आणि आपला घेवडा त्यांच्या बाजूचा. हॉटेलात जाऊन वेगळे पैसे मोजावेत असे त्यात काही नाही.

शाकाहारी पदार्थ सांगतो म्हणून कोणी गैरसमज करून घेऊ नये. ताटात मांस-मासळी असणे आम्हाला मुळीच वावगे वाटत नाही. पण महिन्याच्या वीस-बावीस तारखेनंतर मटणाचा भाव विचारायचीही सोय नसते. शिवाय वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, काही घरांतून साधे जेवण करतात. तेव्हाही कडधान्यच उपयोगी पडते.

खरा प्रश्न प्रथिनांचा आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याखाली प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. चांगलेच आहे. पण कायद्याने हक्क दिला आहे तो तांदूळ, गहू, भरड धान्य यांचा. डाळ-कडधान्य ज्याने त्याने विकत घ्यावे! म्हणून महिना ताणताना पहिली कात्री बसते ती वरणाला. वरण पातळ होत जाते आणि घट्ट भाग कोणाच्या ताटात जातो हे प्रत्येक घराला माहीत आहे. आधी कर्ता पुरुष, मग मुलगे, मग मुली, आणि शेवटी उरलेल्या पाण्यात चपाती बुडवून खाणारी आई. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, पण ताटात काय पडते हे त्यातले एक मोठे कारण आहे. गुंडाळीचा एक गुण आम्हाला म्हणूनच फार आवडतो. ती मोजून होते. आठ केल्या आणि माणसे चार, तर प्रत्येकाला दोन. आईलाही दोनच, आणि त्याही तितक्याच भरलेल्या.

आता हिशेब. कारकुनी करणाऱ्यांना त्यावाचून चैन पडत नाही. घेवडा किलोला दीडशे रुपये धरा. चौघांना २०० ग्रॅम पुरतो, त्याचे ३० रुपये. कणीक ४०० ग्रॅम, ४० रुपये किलोने १६. कांदा, टोमॅटो, लिंबू, कोथिंबीर मिळून २०. तेल, मसाला आणि गॅस १४. एकूण ८० रुपयांत आठ गुंडाळ्या, म्हणजे एक दहा रुपयांना पडली. रेशनचा गहू असेल तर फक्त दळणाचे पैसे. तुमच्याकडच्या भावाप्रमाणे आकडे बदलून घ्यावेत. २०० ग्रॅम कोरड्या घेवड्यात ४० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, कणकेतली मिळून माणशी वीस ग्रॅम सहज पडतात. प्रौढ बाईची दिवसाची गरज ४५ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे एका जेवणात जवळजवळ निम्मी भागली.

कृतीआधी एक सूचना, आणि ती कृपया वगळू नये. घेवडा कच्चा किंवा अर्धकच्चा कधीही खाऊ नये. मटकीला मोड आणून आपण कच्ची खातो, तसे याचे करू नये. कच्च्या दाण्यात एक विषारी द्रव्य असते. चार-पाच दाण्यांनीही दोन-तीन तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. म्हणून घेवडा किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून टाकायचे आणि नव्या पाण्यात शिजवायचा. कुकरमध्ये हे द्रव्य नष्ट होते. कुकर नसेल तर आधी अर्धा तास खळाखळा उकळू द्यावा, मग मऊ होईपर्यंत शिजवावा. नुसत्या मंद आचेवर ठेवून दिला तर धोका कमी होत नाही, उलट वाढतो.

सकाळी कामाला निघताना घेवडा भरपूर पाण्यात भिजत टाका. संध्याकाळी आल्याबरोबर धुऊन, बुडून वर दोन बोटे पाणी राहील असा कुकरला लावा. चार-पाच शिट्ट्या झाल्या की आच बारीक करून दहा मिनिटे. तोवर कणीक मळा. कोमट पाणी आणि चमचाभर तेल घातले की चपाती मऊ राहते, गुंडाळताना फाटत नाही. कणीक मुरते आहे तोवर एक मोठा कांदा आणि पाच-सहा लसूण पाकळ्या चिरून दोन पळ्या तेलात परता. त्यात जिरे, हळद आणि घरचा कांदा-लसूण मसाला. सातारा-कोल्हापूरकडच्या घरांत तो असतोच, नसेल तर लाल तिखट आणि धणेपूड. शिजलेला घेवडा दाबून पाहा. बोटांत लोण्यासारखा चिरडला पाहिजे, नाहीतर परत कुकरला लावा. मग पाणी निथळून कढईत घाला, मीठ टाका आणि पळीच्या पाठीने अर्धा ठेचा, अर्धा अख्खा राहू द्या. पळी फिरवली की कढईचा तळ दिसला पाहिजे. सैल राहिला तर गुंडाळी गळते. निथळलेले पाणी फेकू नका, दुसऱ्या दिवशीच्या आमटीला चालते.

चपात्या नेहमीपेक्षा मोठ्या लाटा आणि जास्त कडक भाजू नका. मधोमध दोन चमचे घेवडा, वर बारीक चिरलेला कच्चा कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, आणि लिंबू भरपूर पिळा. लिंबू नुसते चवीला नाही, त्याने कडधान्यातले लोह अंगी लागते. त्याच कारणासाठी जेवणावर लगेच चहा घेऊ नये. रक्तवाढीच्या गोळ्या चालू असतील त्या मात्र बंद करायच्या नाहीत. चीज महाग पडते. त्याऐवजी फडक्यात टांगलेले घट्ट दही किंवा दाण्याचे कूट घाला. मग किराणा दुकानदार पुडी बांधतो तशी दोन्ही बाजू आत घेऊन गुंडाळा आणि तव्यावर मिनिटभर शेका. घरात म्हातारी माणसे असतील तर त्यांच्यासाठी घेवडा पूर्ण ठेचा.

ज्वारीच्या भाकरीची गुंडाळी होत नाही, ती मोडते. भाकरीबरोबर हाच घेवडा कोरड्यास म्हणून खावा, चव कुठेही कमी नाही. भिजवायचे राहून गेले तर चवळी घ्या, ती न भिजवताही कुकरला शिजते. सकाळच्या चपात्या उरल्या असतील तर आणखी उत्तम.

प्रवासालाही ही गुंडाळी सोयीची आहे. १ जानेवारीला कोरेगाव भीमाला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला निघताना डबा काय न्यायचा हा प्रश्न असतोच. गर्दीत ताट-वाटी मांडता येत नाही, हे हातात धरून खाता येते. त्या दिवशी मात्र कच्चा कांदा-टोमॅटो आणि दही आत घालू नये. घेवडा अगदी कोरडा परतावा, पूर्ण गार झाल्यावर गुंडाळावा आणि लिंबू वेगळे न्यावे. थंडीत सकाळी केलेली गुंडाळी दुपारी खावी, रात्रीपर्यंत ठेवू नये. ऑक्टोबरच्या उन्हात तर लवकरच संपवावी. बांधायला स्वच्छ सुती फडके घ्या, वर्तमानपत्राचा कागद नको. छपाईची शाई अन्नाला लागते. आमचे हे साप्ताहिकसुद्धा त्या कामाला घेऊ नये.