तेहतीस व्होल्टांची वेस

क्वाडचा जुना स्थितिविद्युत लाउडस्पीकर ज्याच्या हाती येतो, तो पहिल्यांदा विचारतो, ‘याला किती वॉटचा ॲम्प्लिफायर लावू?’ पण या स्पीकरच्या जिवाला धोका असतो तो व्होल्टांचा.

इंग्लंडातल्या हंटिंग्डनमध्ये पीटर वॉकर यांच्या अकूस्टिकल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने तो ‘क्वाड’ या नावाने बनवला. १९५७ साली तो बाजारात आला आणि १९८५पर्यंत बनत राहिला. ‘ईएसएल-५७’ हे नाव त्याला मागाहून चिकटले, धाकटा ‘ईएसएल-६३’ १९८१मध्ये आल्यावर. दिसायला खोली गरम करण्याचा रेडिएटर वाटतो. आत ना शंकू, ना कॉइल. छिद्रे पाडलेल्या दोन स्थिर फलकांच्या मध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो. बासच्या दोन पॅनेलांत त्याला सुमारे ६,००० व्होल्टांचा, मधल्या ट्रेबल पॅनेलात सुमारे १,५०० व्होल्टांचा भार दिलेला असतो. ॲम्प्लिफायरकडून आलेला व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने कैक पटींनी वाढून फलकांवर जातो, आणि पडदा ओढला-ढकलला जातो. पडद्यावरचा लेप मुद्दामच विजेला फार विरोध करणारा ठेवला आहे. त्यामुळे पडदा हलला तरी भार जिथल्या तिथे राहतो आणि आवाजात विकृती फारच थोडी येते. वॉकर यांनी १९५५मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात यामागचे गणित सविस्तर मांडले होते. मला ही कल्पना त्या काळातली सर्वांत देखणी वाटते.

मर्यादाही इथेच आहे. स्पीकरला मिळणारा व्होल्टेज शिखरावर ३३च्या पुढे गेला, तर फलक आणि पडदा यांच्यात ठिणगी उडते आणि पडद्याला भोक पडते. सहसा आधी ट्रेबल जातो. ३३ व्होल्टांचे शिखर म्हणजे ८ ओहमवर सुमारे ६८ वॉट. पण या स्पीकरचा रोध ८ ओहम कुठे असतो? बासमध्ये तो तिसाच्या वर चढतो आणि ट्रेबलच्या टोकाला दोनाच्या खाली उतरतो. त्यामुळे वॉटच्या आकड्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

क्वाडने १९५३मध्ये काढलेला १५ वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर ‘क्वाड टू’ १५ ओहमवर शिखराला जेमतेम २१ व्होल्टांपर्यंत पोचतो. तो सुरक्षित, फक्त मोठ्या खोलीत दमतो. खरी गंमत १९६७च्या ट्रान्झिस्टर ‘३०३’ची आहे. त्याचा आतला पुरवठा ६७ व्होल्टांना बांधलेला असल्याने बाहेर त्याच्या निम्म्याहून जास्त मिळूच शकत नाही. जोडी जमवायची तर मी आधी हाच शोधेन. १९७५चा ‘४०५’ शंभर वॉटचा. त्याच्या आवाजाविषयी तक्रार नाही, पण मर्यादक बसवल्याशिवाय या स्पीकरला लावू नये. आजचा दोनशे वॉटचा दांडगा ॲम्प्लिफायर तर नकोच. हौशी मंडळी एकाच व्हॉल्व्हचे नाजूक ट्रायोड ॲम्प्लिफायर लावतात, त्यांत दुसरी अडचण असते. त्यांचा आउटपुट रोध जास्त असतो, त्यामुळे दोन ओहमच्या टोकाला ट्रेबल गळतो. काहींना तोच ‘गोडवा’ वाटतो, वाटो बापडा.

सुधारणा म्हटले की लोक आधी महागड्या तारा आणि नवे कपॅसिटर विकत घेतात. माझ्या मते आधी पडद्याला भार पुरवणारा उच्चदाबाचा ठोकळा तपासावा. जुन्या रेक्टिफायरची ताकद गेली की भार घटतो आणि स्पीकर हळूहळू मंदावतो. बदल इतका सावकाश होतो की मालकाला पत्ताही लागत नाही. साध्या मीटरने मापू नये. तो स्वतःच इतका प्रवाह खातो की आकडा खोटा येतो. त्यासाठी उच्चरोधी प्रोब लागतो. आणि सहा हजार व्होल्टांच्या आत माहीतगारानेच हात घालावा. बंद केल्यावरही कपॅसिटरांत वीज उरते.

त्यानंतर पॅनेल पाहावीत. धूळ अडवणारे आवरण फाटले असेल तर भार धुळीला आत खेचतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ओल धरलेल्या धुळीतून वीज झिरपते, आणि कधी सूं-सूं ऐकू येते. भोक पडलेले पॅनेल नव्या पडद्याने पुन्हा बांधता येते, पण दोन्ही बाजूंचे काम एकाच वेळी करावे, नाहीतर डावे-उजवे जुळत नाही.

बिनखर्चाची एक सुधारणाही आहे. हा स्पीकर मागेही तितकाच वाजतो, म्हणून त्याला भिंतीपासून चांगले दोन-तीन फूट पुढे ओढावे आणि जमिनीपासून थोडे उचलावे. एवढ्यावर भागले तर उरलेल्या पैशांत ‘३०३’मधले जुने कपॅसिटर बदलून घ्यावेत.