फाइन आर्ट्सची भिंत आणि ओट्यावरचा कायदा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत फाइन आर्ट्सचा विषय निघाला की कोणीतरी २००७ सालचं ते प्रकरण काढतंच, आणि त्यावरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘असली चित्रं प्रदर्शनात लावायचीच कशाला?’ पण ती प्रदर्शनात लावलेली नव्हतीच, परीक्षेसाठी लावलेली होती. विश्वामित्रीचा पूल ओलांडून काळ्या घोड्याच्या पुढे गेलं की महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ही १९५० सालची विद्याशाखा लागते. ना. श्री. बेंद्रे यांनी इथे चित्रकला शिकवली. इथली वार्षिक परीक्षा म्हणजे तीन तासांचा पेपर नव्हे. वर्षभराचं काम भिंतीवर टांगायचं, परीक्षकांनी पाहायचं आणि गुण द्यायचे.

चंद्रमोहन श्रीलमंतुला हा आंध्रातून आलेला पदव्युत्तर विद्यार्थी. त्याची चित्रं अशीच गुणांसाठी टांगलेली होती. ९ मे २००७ रोजी नीरज जैन हे हिंदुत्ववादी संघटनेतले स्थानिक नेते कार्यकर्त्यांना घेऊन आत शिरले आणि पोलिसांनी चंद्रमोहनला अटक केली. पाच दिवसांनी जामीन झाला. आक्षेप देवीच्या चित्रावर होता तसा येशूच्या चित्रावरही होता, आणि ख्रिस्ती समाजातूनही तक्रार झाली होती. हा तपशील दोन्ही बाजूंचे लोक सोयीने विसरतात.

दुसरा समज जास्त चिवट आहे : भावना दुखावल्या की गुन्हा झालाच. संविधानाच्या १९(२) कलमात भाषणस्वातंत्र्यावर ‘वाजवी’ बंधनं घालण्याची कारणं एकेक करून दिली आहेत. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीती, बदनामी, न्यायालयाचा अवमान, चिथावणी वगैरे. धार्मिक भावना हे कारण त्या यादीत नाही. मग धार्मिक भावना दुखावणं गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं २९५-अ टिकलं कसं? १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते सुव्यवस्थेच्या आधारावर टिकवलं, पण एक अट अधोरेखित करून : अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला हवा. अनवधानाने किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान या कलमात बसत नाही. नव्या न्याय संहितेत हेच कलम २९९ म्हणून आलं. आकडा बदलला, हेतूची अट तीच राहिली.

मग कोणाच्या भावनांनी मोजायचं? याचं उत्तर मराठी मुलखातूनच आलेलं आहे. १९४६ साली नागपूरच्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी सांगितलं की शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या नजरेने तपासायचा, प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या डळमळीत मनाच्या माणसाच्या नजरेने नव्हे. जामनगरला एका कवितेवरून खासदार इम्रान प्रतापगढींवर गुन्हा नोंदला गेला होता. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करताना हेच नागपुरी माप पुन्हा वापरलं. शिवाय तीन ते सात वर्षं शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत एफआयआर नोंदण्याआधी प्राथमिक चौकशीची जी सोय नव्या प्रक्रिया संहितेत आहे, तिचा पोलिसांनी वापर करावा, असंही सुचवलं.

‘पोलिसांनी उगीच का पकडलं असेल?’ हा प्रश्नही हमखास येतो. पकडायला फार काही लागत नाही. भावना दुखावण्याचा हा गुन्हा दखलपात्र आहे, तक्रार आली की अटक होऊ शकते. खटला चालवायचा तर मात्र न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. म्हणून अटक तासाभरात होते आणि मंजुरीचा कागद हलत नाही, असं चित्र दिसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतल्या नटांवर बेतलेल्या नाटकावरून विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली, तेव्हाही त्यांना लगोलग जामीन मिळाला. अटकेचे फोटो सगळ्यांनी पाहिले. जामिनाची बातमी किती जणांनी वाचली असेल, कोण जाणे.

कलावंतांच्या गोटातही एक गैरसमज आहेच : विद्यापीठाच्या कुंपणाच्या आत काहीही चालतं. तसं नाही. कुंपणाच्या आत कायदा तोच असतो. फक्त अश्लीलतेच्या कलमात देवळांच्या शिल्पांना आणि कलेच्या हितासाठी केलेल्या निर्मितीला स्पष्ट अपवाद आहे. २००७ साली विद्यार्थ्यांनी हेच बोट ठेवून दाखवलं. ११ मे रोजी त्यांनी कलेतिहास विभागाच्या संग्रहातून भारतीय शिल्पपरंपरेतल्या नग्न आणि शृंगारिक प्रतिमांचं प्रदर्शन मांडलं. प्रशासनाने ते बंद करायला सांगितलं. प्रभारी डीन शिवाजी पणिक्कर यांनी नकार दिला आणि ते निलंबित झाले. आत घुसलेल्यांविरुद्ध मात्र विद्यापीठाने तक्रार दिली नाही. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात गंभीर भाग हाच, कारण पोलीस आणि जमाव बाहेरचे होते, पण विद्यार्थ्याची परीक्षा घेणारं विद्यापीठ त्याचंच होतं.

म्हणूनच ‘जामिनावर सुटला, म्हणजे मिटलं’ हेही खरं नाही. चंद्रमोहनचा निकाल रोखला गेला आणि दहा वर्षं उलटली तरी पदवी त्याच्या हाती नव्हती. २ फेब्रुवारी २०१८ रोजी विद्यापीठाच्या मुख्य कचेरीत आग लावल्याच्या आरोपावरून त्याला पुन्हा अटक झाली. आग लावण्याचं समर्थन कोणीच करणार नाही. पण निकाल का अडला, हा प्रश्न त्या आगीच्या दहा वर्षं आधीचा आहे. मे २०२२ मध्ये त्याच विद्याशाखेत बलात्काराच्या बातम्यांच्या कात्रणांतून देवतांच्या आकृती केल्याच्या आरोपावरून पुन्हा गदारोळ उठला. गुन्हा नोंदला गेला आणि विद्यार्थ्याला काढून टाकण्यात आलं.

अशा वेळी ‘हा विद्यापीठाचा अंतर्गत मामला’ म्हणून घरचे लोक हात झटकतात, तेही चूक. बडोद्याचं विद्यापीठ कायद्याने उभं आहे (२०२३ पर्यंत १९४९ च्या), म्हणजे संविधानाच्या दृष्टीने ते ‘राज्य’च. नोटीस न देता, म्हणणं न ऐकता काढून टाकलं किंवा निकाल दाबून ठेवला, तर २२६ कलमाखाली थेट गुजरात उच्च न्यायालयात जाता येतं. त्यासाठी फौजदारी खटल्याचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही. नोटीस कोणत्या तारखेची, आरोप लेखी दिले का, चौकशी समितीपुढे बोलू दिलं का, एवढे कागद मात्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवावे लागतात.