नदीला सीमा नाही, पण पुराच्या गणिताला आहे

पावसाळा लागला की चिकोडी-निपाणी भागात रोज सकाळी एकच बातमी फिरते. राजापूर बंधाऱ्यातून इतके क्युसेक, दूधगंगेतून इतके आणि कल्लोळजवळ कृष्णेत एकूण इतके. पाठोपाठ पाण्याखाली गेलेल्या पुलांची यादी येते: कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ. वाचणाऱ्याला मात्र वेगळंच हवं असतं. आपल्या मळीत पाणी कधी शिरणार? आज रात्री की उद्या दुपारी? जनावरं आत्ताच हलवायची, की अजून एक धार काढून?

याचं उत्तर संगणकावर काढता येतं. त्यामागचं भौतिकशास्त्र दीडशे वर्षांचं जुनं आहे. अडचण येते ती दुसऱ्याच ठिकाणी.

आधी क्युसेक म्हणजे काय ते बघू. एका सेकंदात एक घनफूट पाणी म्हणजे एक क्युसेक. एक लाख क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की ८.६४ टीएमसी होतं. काळम्मावाडीचं दूधगंगा धरण साधारण २५ टीएमसीचं, म्हणजे एवढ्या पाण्याने ते तीन दिवसांत भरेल. १२३ टीएमसीच्या अलमट्टीला चौदा दिवस लागतील. तोंडी करता येईल असा हा हिशेब आहे. पण किती पाणी आलं एवढंच तो सांगतो. ते कुठे, किती वाजता आणि किती फूट चढेल, हे त्यातून कळत नाही.

ते कळण्यासाठी १८७१ साली सेंट-व्हेनांट या फ्रेंच अभियंत्याने दोन समीकरणं मांडली. पहिलं निपाणीच्या तंबाखू वखारीसारखं आहे. वखारीत जेवढा माल आला त्यातून गेलेला वजा केला, की उरला तेवढा साठा वाढला. नदीच्या प्रत्येक तुकड्याला हाच नियम लागू. दुसरं समीकरण जोराचं. उतार पाण्याला पुढे ओढतो, तळ आणि काठ घासून त्याला मागे धरतात, आणि पुढचं पाणी आधीच चढलेलं असेल तर तेही मागच्या पाण्याला अडवतं. या शेवटच्या अडवणुकीलाच आपल्याकडे फुगवटा म्हणतात. अलमट्टीवरून गेली वीस वर्षं जो वाद चाललाय, तो या समीकरणातल्या एका पदावरचा वाद आहे म्हटलं तरी चालेल.

ही समीकरणं खऱ्या नदीसाठी कागदावर सुटत नाहीत. म्हणून संगणक नदीचे तुकडे करतो. दर काही शे मीटरवर पात्राचा आडवा छेद घ्यायचा, प्रत्येक तुकड्याचा जमाखर्च मांडायचा, वेळ काही सेकंदांनी पुढे सरकवायची आणि पुन्हा मांडायचा. असं लाखो वेळा. संगणकाला ते जड नाही, पण त्याला दिलेली माहिती खरी हवी. छेद दहा वर्षांपूर्वी मोजलेले असतील आणि मधल्या काळात पात्रात गाळ बसला असेल, वाळू उपसली गेली असेल किंवा नव्या पुलाचा भराव आला असेल, तर संगणक आता नसलेल्या नदीचा पूर काढून देतो.

दुसरी मेख खडबडीतपणाची. घासण्याचा जोर किती, यासाठी मॅनिंग या आयरिश अभियंत्याचा आकडा वापरतात. साफ पात्राला तो साधारण ०.०३ धरतात, दाट झुडपं असलेल्या काठाला दुप्पट-तिप्पट. मग ऑगस्टात पुरुषभर उंच ऊस उभा असलेल्या मळीला किती धरायचा? कृष्णा-दूधगंगेच्या दोन्ही काठांवर कोसच्या कोस ऊसच आहे. या एका आकड्यावर पाणी काही फुटांनी खालीवर होऊ शकतं. पुण्या-बेंगळुरूत बसून तो नेमका ठरत नाही. मागच्या पुराच्या भिंतीवरच्या खुणा मोजून हिशेब त्याच्याशी जुळवावा लागतो.

आता मुख्य गोष्ट. कुठल्याही प्रारूपाला दोन टोकं लागतात. वरच्या टोकाला किती पाणी आत येतंय आणि खालच्या टोकाला पातळी किती आहे, हे बाहेरून सांगावं लागतं. गणितात याला सीमा-अट म्हणतात. योगायोग असा की आपल्याकडे ही गणितातली सीमा बरोबर राज्याच्या सीमेवर येऊन बसते. कर्नाटकाने कृष्णेचा हिशेब मांडला तर वरचं टोक राजापूर, आणि तो आकडा महाराष्ट्राचा. महाराष्ट्राने सांगली-शिरोळचा हिशेब मांडला तर खालचं टोक हिप्परगी आणि अलमट्टी, आणि ती पातळी कर्नाटकाची. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या आकड्यावर अवलंबून.

आकडे नाहीत असं नाही. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने जागतिक बँकेच्या मदतीने तत्काळ माहिती देणारी यंत्रणा उभी केली. महावेध योजनेत महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. कर्नाटकाच्या आपत्ती निरीक्षण केंद्राकडे ग्रामपंचायतनिहाय सहा हजारांहून जास्त पर्जन्यमापक आहेत. केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रं कुरुंदवाड आणि सदलगा इथे आहेत, म्हणजे सीमेच्या दोन्ही अंगांना. पण माहिती अशी चार घरांत साठली की ती एकत्र वाचणं हेच वेगळं काम होतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी फुटांत सांगतात, अलमट्टीची मीटरमध्ये. कुठे क्युसेक, कुठे क्युमेक, आणि एक क्युमेक म्हणजे पस्तीस क्युसेक. एक आकडा सकाळी आठचा, दुसरा दुपारी बाराचा. पुराच्या दिवसांत दोन्हीकडचे अधिकारी बोलत असतात, बैठकाही होतात. तरी फोनवर सांगितलेला आकडा आणि दर पंधरा मिनिटांनी आपोआप संगणकात जाणारा आकडा यांत फरक आहेच.

राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे यापेक्षा सरळ. पातळी गाठली की आपणहून उघडतात, एकातून १४२८ क्युसेक. कुणाच्या आदेशाची वाट नाही, त्यामुळे हिशेबात धरायला सोपे.

अलमट्टीची सध्याची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर. ती ५२४.२५६ पर्यंत न्यायला कृष्णा लवादाने २०१० मध्ये मुभा दिली. महाराष्ट्राचा विरोध कायम आहे. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्रानेच नेमलेल्या वडनेरे समितीने पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही, आणि पूरग्रस्त भागातल्या अनेकांना ते आजही पटलेलं नाही. दोघेही फुगवट्याचंच बोलतात. पण छेद कुठल्या वर्षीचे, खडबडीतपणा किती धरला, खालची पातळी कुठल्या तासाची, हे समोर ठेवल्याशिवाय कुणाचं गणित बरोबर ते सामान्य माणसाने ठरवायचं कसं?

आणि हे सगळं कृष्णेचं झालं. मोठी नदी सावकाश चढते, दिवस-दोन दिवस हाताशी देते. वेदगंगेचं तसं नाही. पाटगावहून निघून गारगोटी, मुरगूड करत ती निपाणीजवळ यमगर्णीला येते. २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये तिचं पाणी इथे पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. एवढ्या आखूड नदीत पाणी मोजून इशारा द्यायचा म्हटलं तर उशीर होतो. भुदरगडात पडणारा पाऊसच थेट हिशेबात घ्यावा लागतो. पाऊस महाराष्ट्रातल्या मापकात, रस्ता कर्नाटकात. मधल्या तासांत यमगर्णीचा माणूस अजून तरी मुरगूडच्या पाहुण्यालाच फोन लावतो: पुलाला पाणी लागलं काय हो तिकडं?